टाच दुखतेय, पळू की थांबू? धावणाऱ्यांसाठी टाच आणि अकिलीसच्या दुखण्याची वाटचाल

टाच दुखायला लागली की उपाय सुचवणाऱ्यांची वानवा नसते. मिठाचं गरम पाणी, फ्रीझरमधली बाटली पायाखाली फिरवणं, पायरीवर टाच खाली सोडून ताण देणं, सिलिकॉनची गादी, महिनाभर सक्तीची विश्रांती. यातला प्रत्येक उपाय कुणाला ना कुणाला लागू पडलेला असतो, म्हणून तो छातीठोकपणे सांगितला जातो. अडचण अशी की ‘टाच दुखते’ म्हणणाऱ्या धावणाऱ्यांमध्ये किमान तीन वेगळी दुखणी असतात, आणि एकाला आराम देणारा व्यायाम दुसऱ्याला चिघळवतो.

दुसरी गोष्ट, जी पचायला जड जाते: विश्रांतीने ही दुखणी शांत होतात, पण बरी होतातच असं नाही. महिनाभर बूट कपाटात ठेवले, दुखणं गेलं, पहिल्याच रविवारी दहा किलोमीटर पळून आलात आणि सोमवारी पुन्हा लंगडताय, हे चक्र अनेकांच्या ओळखीचं असेल. महिनाभरात शिरेची (इथे शीर म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, टेंडन; रक्तवाहिनी नव्हे) ताकद वाढलेली नसते, उलट घटलेली असते. तिला हळूहळू वजन पेलायला शिकवणं हाच मुख्य उपचार. किती वजन आणि किती वेळा, ते पुढे पाहू.

आधी अंगठ्याने जागा शोधा

खुर्चीत बसा, दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या आणि अंगठ्याने दाबत नेमकी जागा काढा.

टाचेच्या तळाशी, थोडं आतल्या बाजूला, दाबल्यावर ‘हेच ते’ असं वाटलं तर बहुधा प्लांटार फॅशिया दुखावलाय. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत जाणारा हा तळव्याखालचा जाड पट्टा. सकाळी अंथरुणातून उठल्यावरची पहिली दहा-वीस पावलं सर्वांत वाईट, मग सैल पडतं, दिवसभर उभं राहिल्यावर संध्याकाळी पुन्हा ठणकतं, ही त्याची ओळख.

टाचेच्या मागे, हाडापासून २ ते ६ सेंटीमीटर वर, शीर चिमटीत धरल्यावर दुखत असेल तर ते अकिलीसच्या, म्हणजे पोटरीला टाचेच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड शिरेच्या, मधल्या भागाचं दुखणं. इथे शीर दुसऱ्या पायापेक्षा जाड लागते, कधी गाठीसारखा फुगवटाही हाताला येतो. पळायला सुरुवात केल्यावर दुखतं, दोन किलोमीटरनंतर अंग गरम झालं की विसरायला होतं, आणि त्याची वसुली दुसऱ्या दिवशी सकाळी होते.

तिसरी जागा म्हणजे अकिलीस टाचेच्या हाडाला जिथे चिकटते ती. इथे बुटाची मागची कड लागते, हाड पुढे आल्यासारखं दिसतं, चढावर आणि उकिडवं बसताना जास्त दुखतं. दुसरी आणि तिसरी जागा यांत दोन-तीन बोटांचंच अंतर आहे, पण व्यायाम वेगळे आहेत. म्हणून ‘मागे दुखतंय’ एवढ्यावर थांबू नका.

एक्स-रेमध्ये ‘हाड वाढलंय’ असं दिसलं म्हणून घाबरायचं कारण नाही. टाचेखालचं ते टोक अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेमध्येही असतं. ते काढल्याशिवाय दुखणं जाणार नाही, असं कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

घरगुती उपाय बाजूला ठेवून आधी डॉक्टर, ते कधी

पळताना किंवा बॅडमिंटन खेळताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं झालं, ‘फट्’ असा आवाज आला आणि चवड्यावर उभं राहता येईना, तर अकिलीस तुटलेली असू शकते. पोटावर झोपा, पाय पलंगाच्या कडेबाहेर सोडा आणि कुणाला तरी पोटरी दाबायला सांगा. चांगल्या पायाचा पंजा आपोआप खाली हलतो, तुटलेल्याचा हलत नाही. त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. ‘मुरगळलंय, बघू उद्या’ यात आठवडे जातात आणि उपचार अवघड होतात. पावलं टाकता येतात म्हणजे शीर शाबूत आहे, असंही समजू नका. तुटलेल्या अकिलीसवर लोक चालत दवाखान्यात येतात.

टाच दोन्ही बाजूंनी तळहातांमध्ये दाबल्यावर कळ येते, वजन टाकलं की वाढते, रात्री पडल्या पडल्याही ठणकते, आणि गेल्या महिन्या-दोन महिन्यांत किलोमीटर झपाट्याने वाढवलेत, तर टाचेच्या हाडाला बारीक चीर असण्याची शक्यता आहे. यात व्यायाम नको, तपासणी हवी. सुरुवातीच्या एक्स-रेत ती चीर दिसतेच असं नाही, एमआरआयमध्ये कळते.

तरुण वय, दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबर अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली असते आणि हालचाल केली की मोकळी होते, असं असेल तर संधिवाततज्ज्ञाकडे जा. ते मणक्याच्या संधिवाताचं लक्षण असू शकतं, आणि अशा रुग्णांची कित्येक महिने फक्त टाचेवरच मलमपट्टी होत राहते. टाच लाल, गरम आणि सुजलेली असेल, ताप असेल, किंवा जळजळ आणि मुंग्या येत असतील, तरीही दाखवलेलं बरं.

आता आपल्याकडे फारसं बोललं न जाणारं एक कारण. पोट बिघडलं, लघवीला जळजळ झाली की ऑफ्लॉक्सॅसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लिव्होफ्लॉक्सॅसिन या गोळ्या सर्रास घेतल्या जातात, कधी तर थेट मेडिकलमधून मागून. या गटातल्या प्रतिजैविकांमुळे अकिलीस दुखावू शकते, क्वचित तुटूही शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ मध्ये या औषधांच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. वय साठीच्या पुढे असेल किंवा सोबत स्टेरॉइड चालू असेल तर धोका आणखी वाढतो. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, पण ‘मी पळतो, दुसरं काही चालेल का’ हे डॉक्टरांना विचारा. कोर्स चालू असताना टाचेमागे दुखायला लागलं तर पळणं थांबवून त्यांना लगेच कळवा.

चाळिशीत साखर निघाली म्हणून पळायला लागलेल्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी गरम पाण्याचा शेक जपून घ्यावा. पायांची संवेदना कमी झाली असेल तर भाजल्याचं कळत नाही. टाच बरी होईल आणि जखम चिघळेल.

पहिले दहा दिवस

इथे उद्दिष्ट एकच, चिघळलेलं शांत करणं. पूर्ण थांबायची गरज बहुतेकांना नसते. चढ, वेगाची इंटरव्हल्स, उड्या आणि दोरीवरच्या उड्या बंद. लाँग रन बंद. उरलेलं सपाटीवरचं धावणं निम्म्यावर आणा आणि एक दिवसाआड करा. तरीही लंगडायला होत असेल तर धावणं पूर्ण थांबवून सायकल किंवा पोहणं. लंगडत पळू नये, कारण मग गुडघा नाहीतर कंबर बिल पाठवते.

अकिलीस दुखत असेल तर दोन्ही बुटांत टाचेखाली साधारण एक सेंटीमीटर जाडीची कडक रबरी पट्टी घाला. एकाच पायात घातली तर पायांच्या उंचीत फरक पडतो. बर्फाने तात्पुरतं बरं वाटतं, लावायला हरकत नाही. वेदनाशामक गोळी घेऊन मात्र पळू नका. पुढे सांगतोय ती सगळी पद्धत दुखणं किती आहे हे कळण्यावर चालते, आणि गोळी नेमकं तेच झाकते.

शीर फार तापलेली असेल तर दोन पायांवर टाचा अर्ध्या उचलून ४५ सेकंद धरून ठेवा, मग दीड-दोन मिनिटं थांबा. असं पाच वेळा, दिवसातून एक-दोनदा. काहींना याने लगेच उतार पडतो, काहींना नाही. नाही पडला तरी नुकसान नाही.

मोजपट्टी: उद्याची सकाळ

पुढच्या तीन महिन्यांत काय वाढवायचं आणि काय कमी करायचं, हे ठरवायला एकच साधन पुरतं. शून्य म्हणजे अजिबात नाही आणि दहा म्हणजे असह्य, अशी वेदनेची पट्टी मनात ठेवा. व्यायाम करताना किंवा पळताना दुखणं पाचच्या वर जाऊ नये. नंतर थोडं वाढलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पहिल्यासारखं खाली आलं पाहिजे. आणि आठवड्यामागून आठवडा सकाळचा आखडलेपणा वाढता कामा नये.

ही पद्धत स्वीडनच्या कारिन ग्राव्हारे सिल्बरनागेल यांनी अकिलीसच्या रुग्णांवर वापरली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात ३८ रुग्ण होते. एका गटाला ही पट्टी सांभाळून धावण्या-उड्यांची मुभा होती, दुसऱ्याला पहिले सहा आठवडे त्यातून विश्रांती होती. व्यायाम दोघांनाही तोच. दोन्ही गट सारखेच सुधारले, पळणाऱ्यांचं नुकसान झालं नाही. माझ्या मते धावणाऱ्यांसाठी या विषयातली ही सर्वांत दिलासा देणारी माहिती आहे. अट एवढीच की पट्टी प्रामाणिकपणे वाचायची. सातला चार म्हणणारे धावपटू काही कमी नाहीत.

रोज सकाळी उठल्यावर न्हाणीघरापर्यंत चालत जाताना आकडा ठरवा आणि फोनमध्ये टिपून ठेवा. काल काय केलं तेही शेजारी लिहा. दोन आठवड्यांत तुमची टाच कशाला चिडते ते त्या नोंदीतच दिसेल. बऱ्याचदा गुन्हेगार रविवारचा लाँग रन नसतो, बुधवारचे चढ असतात.

अकिलीसचा मधला भाग: इथे ताकद हेच औषध

पळताना प्रत्येक पावलाला अकिलीसवर शरीराच्या वजनाच्या साधारण ६ ते ८ पट ताण येतो. ७० किलोच्या माणसाला तो चारशे किलोच्या वर गेला. पाच किलोमीटरच्या निवांत धावण्यात एका पायाची अडीच हजारांच्या आसपास पावलं पडतात. हा हिशोब पाहिला की टॉवेलने पंजा ओढणं किंवा रबरी पट्टीचे हलके व्यायाम का पुरत नाहीत ते कळतं.

शिवाय शिरेची वाढ फार मंद असते. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अणुचाचण्यांतून हवेत मिसळलेल्या कार्बनच्या खुणा वापरून दाखवलं, की अकिलीसच्या गाभ्यातलं ऊतक वयाच्या सतराव्या वर्षापर्यंत घडतं आणि पुढे जवळपास बदलत नाही. म्हणजे बिघडलेला गाभा नव्याने विणला जाईल, ही अपेक्षा फोल. व्यायामाने स्नायू आणि आजूबाजूचं निरोगी ऊतक जास्त भार उचलायला शिकतं. म्हणूनच दुखणं संपून मॅरेथॉन पळालेल्या माणसाच्या सोनोग्राफीतही शीर जाड आणि खराब दिसू शकते. रिपोर्टवर उपचार करत बसू नका.

या दुखण्यावरच्या व्यायामाचं नाव निघालं की स्वीडनमधल्या उमिओच्या हाकान आल्फ्रेडसन यांचा १९९८ चा प्रयोग आठवला जातो. पंधरा हौशी धावपटू, पायरीच्या कडेवर चवडा, चांगल्या पायाने वर जायचं आणि दुखऱ्या पायावर टाच सावकाश खाली सोडायची. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ संच, गुडघा वाकवून १५ चे ३ संच, दिवसातून दोनदा, रोज, १२ आठवडे. दिवसाला १८० वेळा! सगळे पुन्हा धावायला लागले. पद्धत चांगलीच, पण नोकरी, घर आणि ट्रॅफिक सांभाळून रोज दोन वेळा हे करणारा माणूस विरळा. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्येच दुसरी पद्धत तिच्याशी ताडून पाहिली गेली: आठवड्यातून फक्त तीनदा, पण जड वजनाने आणि सावकाश. निकाल सारखे आले, आणि जड वजनवाल्यांनी व्यायाम जास्त नेमाने केला. मी दुसरीच सुचवीन.

जिन्याची पायरी आणि कठडा एवढं घरी पुरतं. चवडा पायरीच्या कडेवर. तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, टाच पायरीच्या पातळीखाली जाऊ द्या. घाई केली की पोटरीऐवजी उसळी काम करते. पहिले दोन आठवडे दोन्ही पायांवर १५ चे ३ संच. दुखणं पाचच्या आत राहिलं की एका पायावर. एका पायावर १५ नीट जमले की पाठीवर सॅक चढवा आणि तीत ५ किलोची तांदळाची पिशवी टाका. मग दोन पिशव्या. वजन वाढलं की आवर्तनं कमी करा: १२, मग १०, मग ८, आणि संच चार. शेवटचं आवर्तन खरंच जड गेलं पाहिजे. गप्पा मारत संच पूर्ण होत असेल तर वजन कमी पडतंय.

गुडघा वाकवून केलेला प्रकार वगळू नका. पोटरीत दोन स्नायू आहेत. वरवर दिसणारा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वर सुरू होतो, त्याच्याखालचा सोलियस गुडघ्याच्या खाली. गुडघा वाकला की पहिला ढिला पडतो आणि सोलियसला एकट्याने काम करावं लागतं, आणि धावताना सर्वांत मोठा वाटा त्याचाच असतो. घरी गुडघा थोडा वाकवून पायरीवर करता येतं. पण सोलियस इतका दणकट असतो की पुढे जिम गाठावी लागते. बसून टाचा उचलायचं यंत्र असेल तर उत्तम, नसेल तर स्मिथ मशीनची (उभ्या खांबांवर वर-खाली सरकणारी) दांडी टॉवेल गुंडाळून मांडीवर घ्या. खुर्चीत बसून मांडीवर पाच किलोचं डंबेल ठेवून टाचा हलवणं म्हणजे वेळ घालवणं.

दोन सत्रांमध्ये एक दिवस मोकळा हवा. बारा आठवडे हा किमान काळ धरा. चौथ्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ असं वाटतं आणि बहुतेक जण तिथेच सोडतात.

हाडाला चिकटते तिथे दुखत असेल तर

वरचाच कार्यक्रम, पण एक मोठा फरक: टाच पायरीखाली सोडायची नाही. सपाट जमिनीवर उभं राहून टाचा उचला आणि जमिनीपर्यंतच खाली आणा. पंजा नडगीकडे जास्त वळला की शीर टाचेच्या हाडावर दाबली जाते, आणि या जागेला तो दाबच सोसत नाही. सुरुवातीला टाचेखाली दुमडलेली सतरंजी ठेवली तरी चालेल.

याच कारणाने पोटरी ताणायचे व्यायाम बंद. भिंतीला हात टेकून पाय मागे नेणं बंद. सूर्यनमस्कारात कंबर वर उचलून टाचा जमिनीला टेकवतो ती स्थिती टाचा वर ठेवून करा, किंवा महिना-दोन महिने नमस्कारांना सुट्टी द्या. उकिडवं बसणं टाळा. गावी भारतीय पद्धतीच्या संडासाला पर्याय नसेल तर टाचेखाली काहीतरी उंचवटा असलेल्या चपला वापरा. ऐकायला विचित्र वाटेल, पण व्यायाम नेटाने करूनही जागा शांत का होत नाही, याचं उत्तर कित्येकदा अशा रोजच्या सवयीत सापडतं. बुटाची मागची कड हाडावर घासत असेल तर मऊ कडेचा बूट घ्या. चालायला मागून उघडी चप्पल उत्तम.

तळव्याखालचं दुखणं

इथे दोन गोष्टी करायच्या. पहिली सकाळी, पाय जमिनीला लावण्याआधी. पाय दुसऱ्या गुडघ्यावर घ्या, बोटांच्या मुळाशी धरून सगळी बोटं नडगीकडे ओढा. तळव्याखाली पट्टा तारेसारखा ताणलेला दुसऱ्या हाताच्या बोटांना लागला पाहिजे. १० सेकंद धरा, १० वेळा. दिवसातून तीनदा, पण पहिली वेळ पहिल्या पावलाआधीच. ऑफिसात बराच वेळ बसून उठतानाही हे केलंत तर ती पहिली कळ बरीच बोथट होते.

दुसरी गोष्ट पुन्हा ताकदीची. पंचाची घट्ट गुंडाळी करून पायरीवर ठेवा आणि बोटं तिच्यावर वर वळलेली राहतील असा चवडा टेकवा. बोटं वर वळली की पट्टा ताणला जातो, आणि त्या अवस्थेत टाच उचलली की भार थेट त्याच्यावर पडतो. तीन सेकंद वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंद खाली. एक दिवसाआड. सुरुवातीला १२ चे ३ संच, दोन आठवड्यांनी सॅकमध्ये वजन घेऊन १० चे ४, चार आठवड्यांनी आणखी वजन घेऊन ८ चे ५. एका पायावर जमत नसेल तर दोन्हींवर सुरू करा. डेन्मार्कच्या मिकाएल राथलेफ यांच्या प्रयोगात असा व्यायाम करणारे तीन महिन्यांनी नुसतं ताणणाऱ्यांच्या पुढे होते. वर्षाने दोन्ही गट सारखे झाले, पण लवकर बरं होणं कुठल्या धावणाऱ्याला नको असेल?

लाटणं किंवा बाटली पायाखाली फिरवायची तर फिरवा, बरं वाटतं. तो उपचार समजू नका. टाचेच्या नेमक्या दुखऱ्या बिंदूवर जोर लावून घासणं तर मुळीच नको.

बूट, चपला आणि घरातली फरशी

आपण दिवसातून तासभर बुटात पळतो आणि उरलेला वेळ ग्रॅनाइट नाहीतर टाइल्सवर अनवाणी फिरतो. टाचेखाली दुखणाऱ्यांनी घरातही मऊ तळाची चप्पल वापरावी, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं राहताना तर नक्कीच. घरात चप्पल चालत नसेल तर एक जोड फक्त घरासाठी वेगळा ठेवा. गणपतीत अनवाणी मिरवणूक, वारीत अनवाणी चालणं, हे टाच दुखत असलेल्या वर्षी बाजूला ठेवलेलं बरं.

अकिलीसवाल्यांनी टाच आणि चवडा यांच्या उंचीत ८ ते १२ मिलिमीटर फरक असलेला बूट घ्यावा. सपाट तळाचे बूट आणि चवड्यावर पळायची शैली दोन्ही पोटरीवर जास्त काम टाकतात. दुखणं चालू असताना हा बदल नकोच. पावसाळ्यात बूट ओले राहतात म्हणून मधेच जुना, झिजलेला जोड बाहेर निघतो, आणि टाचेची कुरकूर नेमकी तेव्हा सुरू होते. दोन चांगले जोड आलटून पालटून वापरा.

पुन्हा धावायला लागताना

तीन गोष्टी जमल्या की सुरुवात करा: अर्धा तास झपाझप चालून दुखणं दोनच्या आत, एका पायावर टाच वीस-पंचवीस वेळा उचलता येते, आणि जागच्या जागी एका पायावर दहा हलक्या उड्या मारून दुसऱ्या सकाळी आकडा वाढत नाही.

एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, दहा वेळा. मग दोन दिवसांनी पुन्हा. दोन सकाळी ठीक गेल्या की दोन मिनिटं पळणं आणि एक चालणं. मग पाच आणि एक. मग सलग वीस मिनिटं. दोन धावण्यांत एक पूर्ण दिवस सोडा, पहिला महिनाभर तरी. आधी वेळ वाढवा, मग आठवड्यातले दिवस, मग वेग, सर्वांत शेवटी चढ. चढावर पंजा जास्त वळतो आणि पोटरी जास्त ढकलते. पुण्यात वेताळ टेकडी, साताऱ्याचा यवतेश्वर घाट, मुंबईत मलबार हिलचे चढ, हे सगळं अगदी अखेरीला. ट्रेडमिलचा चढही त्यातच आला.

पावलं थोडी छोटी आणि जलद केली तर प्रत्येक पावलाचा भार थोडा कमी होतो. नेहमीच्या लयीपेक्षा पाच टक्के जलद एवढं पुरे. कॅमेऱ्यासमोर धावण्याची शैली बदलत बसायची गरज बहुतेकांना नाही.

एखाद्या सकाळी आकडा चढला तर घाबरू नका आणि सगळं बंदही करू नका. एक पायरी मागे या, दोन वेळा तीच करा, मग पुढे जा. व्यायाम त्या आठवड्यातही चालू राहू द्या, फक्त वजन कमी करा.

इंजेक्शन, शॉकवेव्ह आणि पीआरपी

टाचेखाली स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की काही आठवडे हायसं वाटतं, म्हणूनच ते लोकप्रिय आहे. पण पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालची चरबीची गादी विरण्याचा धोका असतो, आणि ती गादी परत येत नाही. अकिलीसच्या आत स्टेरॉइड घेऊ नये. शॉकवेव्हचा, म्हणजे यंत्राने बाहेरून दिलेल्या दाबलहरींचा, जुनाट दुखण्यात काहींना उपयोग होतो, तो व्यायामाच्या जोडीने घेतला तर. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीचा, म्हणजे प्लेटलेट्स जास्त असलेल्या रक्तद्रवाच्या इंजेक्शनचा, गाजावाजा खूप आणि खर्चही. २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये ५४ अकिलीसच्या रुग्णांवर त्याची तुलना साध्या सलाइनच्या इंजेक्शनशी केली, फरक आढळला नाही. तेवढ्या पैशांत खेळाडूंबरोबर काम करणाऱ्या फिजिओची पाच-सहा सत्रं आणि वर्षभराची जिम होते. तीन महिने नेमाने व्यायाम करूनही टाच जिथल्या तिथे असेल, तर मात्र निदान पुन्हा तपासून घ्या. जागा चुकलेली असू शकते.

रेस तोंडावर आहे

टाटा मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला टाच धरली तर हातात पंधराएक आठवडे आहेत. पूर्ण मॅरेथॉन नाही, पण हाफ आवाक्यात आहे. नोव्हेंबरच्या अखेरीला धरली तर हाफसुद्धा निवांत पेसने पळायची तयारी ठेवा, आणि पेडर रोडचा चढ चालत जा. डिसेंबरमध्ये सकाळचा आकडा पाचच्या वर असेल तर बिब (छातीवर लावायचा क्रमांक) घेऊ नका, किंवा अंतर बदलता येतं का ते आयोजकांना विचारा. आदल्या रात्री इंजेक्शन घेऊन सकाळी सुरुवातीच्या रेषेवर उभं राहणं हा पर्याय धरूच नका.

रेस झाली, दुखणं गेलं, तरी टाचा उचलायचा व्यायाम आठवड्यातून दोनदा वजनासहित चालू ठेवा. सकाळच्या आकड्याची नोंद महिनाभर शून्य राहिली की ती थांबवली तरी चालेल. पायरीवरची सॅक मात्र जिन्याजवळच असू द्या.